झाडाखालची जमीन

लेझर स्कॅनिंगचं नाव काढलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती झाडं निघाली? वनखात्यातले अधिकारी तेच विचारतात, पत्रकार तेच विचारतात, धारच्या घरी आलेले पाहुणेही तेच विचारतात. या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला वाटतं, आमच्या भागातल्या जंगलासाठी हा प्रश्न दुसरा आहे. त्याआधी विचारायला हवं, की झाडाखालची जमीन कशी आहे. विमानातून किंवा ड्रोनमधून सोडलेल्या लेझरनं आम्हाला सर्वांत मोलाचं काही दिलं असेल तर ती जमीन, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

आमचा भाग म्हणजे धार जिल्हा, त्यातही अमझेऱ्याच्या आसपासचा डोंगरकाठ. आम्ही धारचे मराठी. पवारांची गादी इथे आली तेव्हा अनेक घराणी त्यांच्यामागून माळव्यात आली आणि इथलीच झाली, त्यांपैकी आमचं एक. अमझेऱ्याचं नाव लोकांना 1857 मुळे माहीत आहे. इथले राणा बख्तावरसिंह उठावात उतरले, 10 फेब्रुवारी 1858 रोजी इंदूरला त्यांना फाशी दिली गेली आणि पुढे त्यांचं संस्थान शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्यात गेलं. माझ्या कामाच्या दृष्टीनं या गावाचं महत्त्व निराळं आहे. माळव्याचं पठार इथे संपत येतं आणि विंध्याच्या उतारावरून जमीन निमाडात, नर्मदेच्या दिशेनं घसरते. अमझेऱ्याच्याच सरदारपूर तहसिलीत मिंडा गावाजवळ मही नदी उगम पावते. ती आधी उत्तरेला निघते, राजस्थानातून वळसा घेते आणि गुजरातेत खंबातच्या आखाताला मिळते. म्हणजे या पट्ट्यात पडलेल्या पावसाची वाटणी होते, काही पाणी महीला आणि काही नर्मदेला. काही ठिकाणी हा माथा इतका सपाट आहे, की त्यावरून चालणाऱ्याला आपण दोन नद्यांच्या मधोमध उभे आहोत याचा पत्ताही लागत नाही.

या टेकड्यांवर साग आहे, पण खुरटलेला. एकदा तोडलेल्या खुंटातून चार-पाच धुमारे फुटलेले आणि ते सगळेच मनगटाएवढे. सोबत सालई, धावडा, खैर, पळस, तेंदू आणि गावाजवळ राखलेला मोह. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. 2021 च्या अहवालात मध्य प्रदेशाचं वनाच्छादन 77,493 चौरस किलोमीटर आहे, देशात सर्वांत जास्त. आकडा ऐकून मन भरतं. पण त्याच अहवालातल्या पायऱ्या पाहाव्यात. झाडांच्या माथ्यांनी जमिनीचा 70 टक्क्यांहून अधिक भाग झाकला तर अतिघन, 40 ते 70 मध्यम, 10 ते 40 विरळ आणि 10 च्या खाली झुडपी जंगल. अमझेऱ्याकडून मनावर गावाच्या दिशेला मी ज्या उतारांवर काम केलं, त्यातले बहुतेक शेवटच्या दोन पायऱ्यांवरचे होते. तिथे लाकडाचं घनफळ मोजून हाती फारसं काही लागत नाही. तिथे पाहायचं असतं ते हे, की पावसाबरोबर माती कुठून वाहून जाते आहे आणि झाड का उठत नाही.

आता लेझर काय करतो ते सांगते. यंत्रातून प्रकाशाचा एक अतिशय छोटा झोत खाली जातो, कशावर तरी आपटतो आणि परत येतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, 30 सेंटीमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर एक नॅनोसेकंद म्हणजे 15 सेंटीमीटर अंतर. परतीचा वेळ इतक्या बारकाईनं मोजला, त्याच क्षणी यंत्र आकाशात नेमकं कुठे होतं आणि कोणत्या कोनात कललेलं होतं हे ठाऊक असलं, की झोत जिथे आपटला त्या बिंदूचे अक्षांश, रेखांश आणि उंची मिळते. सेकंदाला असे लाखो झोत जातात. शिवाय एकाच झोतातला थोडा प्रकाश शेंड्यावरून परततो, थोडा मधल्या फांदीवरून आणि उरलेला जमिनीवरून. उपग्रहाच्या छायाचित्रात झाडाचा फक्त माथा दिसतो, इथे झाडाच्या आतली जागा उलगडते. वरच्या बिंदूंच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली की झाडाची उंची मिळते. म्हणजे जमीन चुकली की झाडही चुकतं, हे या विद्येचं पहिलं सूत्र.

पुस्तकात हे एका ओळीत असतं. आमच्या जंगलात त्याला ऋतूची मोठी अट आहे, आणि ती मला सागानं शिकवली.

साग पावसाळ्यात मोठाली पानं पसरतो, फुलतोही तेव्हाच. त्या दिवसांत वरून टाकलेला बराचसा प्रकाश पानांवरच अडतो. आम्ही एका टेकडीवर पावसाळा संपल्या संपल्या ड्रोन उडवला होता आणि तोच पट्टा एप्रिलमध्ये पुन्हा उडवला. पहिल्या वेळी झाडांच्या माथ्यांचा आकार छान मिळाला, पण जमिनीवर पोचलेले बिंदू इतके विरळ, की ओढ्याच्या जागी संगणकानं सरळ उतार काढून दिला. एप्रिलमध्ये पानगळ होऊन गेली होती. मांडवाच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडावेत तसे लेझरचे झोत फांद्यांमधून सुटून थेट मातीपर्यंत पोचले. तीच टेकडी, तेच यंत्र. पण दुसऱ्या वेळी प्रत्येक घळ, प्रत्येक पायवाट, गुरांनी पाडलेली प्रत्येक चाकोरी पडद्यावर उभी राहिली. उलट त्या वेळी झाडांच्या माथ्यांचे बिंदू कमी झाले, कारण सागाच्या उघड्या शेंड्यावर बारीक काटक्यांखेरीज प्रकाश परतवायला काही नव्हतं, त्यामुळे उंची थोडी कमीच भरली. नॉर्वेत एरिक नेसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकापासून ही पद्धत वनमोजणीसाठी बसवली, आज उत्तर युरोपातले देश तिच्यावर रोजचा कारभार चालवतात. पण ती मुख्यतः स्प्रूस-पाइनची सूचिपर्णी जंगलं आहेत, वर्षभर हिरवी. आपल्या पानगळीच्या जंगलात उड्डाणाचा महिना हाच निम्मा निर्णय असतो. निविदेत ‘चौरस मीटरला इतके बिंदू’ असं लिहिलेलं असतं, महिना क्वचितच लिहिलेला असतो. माझं स्पष्ट मत आहे, की जमीन हवी असेल तर एप्रिल-मे हे ठेक्यातच लिहून घ्यावं.

घाणेरीची तऱ्हा निराळी. मराठवाड्यापासून माळव्यापर्यंत उजाड जंगलात तिनं जी दाटी केली आहे ती वाचकांना ठाऊक आहेच. तिच्या जाळीतून प्रकाश जमिनीपर्यंत जातच नाही, आणि ती कमरेएवढ्या उंचीवर सलग पसरलेली असल्यामुळे संगणक तिलाच जमीन समजतो. मग जमीन मीटरभर वर सरकते आणि वरचं झाड मीटरभर बुटकं होतं. हे पडद्यावर कळत नाही. आकडे नीट असतात, चित्र देखणं असतं. जागेवर जाऊन हातात काठी घेऊन जाळीत घुसलं, तरच कळतं. आमच्यातली जाणती मंडळी म्हणूनच घाणेरीचे पट्टे आधी पायी फिरून नकाशावर आखतात आणि त्या भागातल्या उंचीवर वेगळी खूण ठेवतात.

पायी फिरण्याचा विषय निघालाच आहे तर नमुना-क्षेत्रांबद्दल सांगते, कारण हवाई मोजणीचा खरा पाया तिथे असतो. आमच्याकडे नमुना-क्षेत्र बहुधा हेक्टराच्या दहाव्या भागाएवढं घेतात, म्हणजे साधारण 31.62 मीटर बाजूचा चौरस. त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, टेपनं मोजायचा, जात लिहायची, काहींची उंची घ्यायची. लेझरला घेर दिसत नाही. जातही दिसत नाही. सालई आणि अंजन एकाच उंचीचे, एकसारख्या पसाऱ्याचे असतील तर वरून दोघं जवळजवळ सारखे. पण सालईचं लाकूड हलकं आणि अंजनाचं भारतातल्या सर्वांत जड लाकडांत गणलं जाणारं. वरून मिळालेल्या उंचीतून जंगलातलं लाकूड किंवा कार्बन काढायचा म्हणजे जमिनीवर टेपनं मोजलेल्या क्षेत्रांशी त्या उंचीचं नातं बसवावं लागतं. त्यासाठी चौरसाचे कोपरे हातभर अचूकतेनं ठाऊक असावे लागतात. जागा अचूक सांगणाऱ्या डीजीपीएस यंत्राचा खांब उभा करून फांद्यांखाली ताटकळणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं काम. कोपरा पाच मीटर सरकला तर शेजारचा मोह आत येतो, आतला साग बाहेर जातो आणि पुढचं सगळं गणित ढिलं पडतं. हवाई सर्वेक्षणाच्या खर्चात कपात करायची वेळ आली, की आधी कात्री लागते ती याच पायी कामाला. हे मला फार चुकीचं वाटतं.

1856 मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगू भागात डीट्रिख ब्रँडिस हत्तीवर बसून सागाची मोजणी करत हिंडले. प्रत्येक आकाराच्या झाडासाठी वेगळी काठी, झाड दिसलं की तिच्यावर चाकूनं खाच. पुढे तेच हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्यांचा उद्देश उघड होता : किती साग आहे आणि किती तोडता येईल. दीडशेहून अधिक वर्षं आपली मोजणी त्याच प्रश्नाभोवती फिरते आहे. घेर, घनफळ, कूप, उत्पन्न. देवास जिल्ह्यात कन्नोद-खातेगावकडे, 1955 साली स्थापन झालेल्या खिवनी अभयारण्याच्या बाजूला साग चांगला वाढलेला आहे. तिथे उंचीचा नकाशा पाहून मलाही आनंद होतो. अमझेऱ्याच्या उतारावर तो प्रश्न अपुरा पडतो.

इथे एका माणसाबद्दल लिहायला हवं. त्याच उतारावर आमच्यासोबत भिलाला समाजातले एक वयस्क चौकीदार होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचे. एप्रिलच्या उड्डाणातून जमिनीचा नकाशा तयार झाला तेव्हा मी त्यातली झाडं काढून टाकून, बाजूनं ऊन पडल्यासारखी छाया देऊन, मोठ्या कागदावर तो छापून आणला. झाडं नसलेला आपला डोंगर काकांनी पहिल्यांदाच पाहिला. थोडा वेळ कागद फिरवून त्यांनी गाव कुठे ते शोधलं, मग बोट ठेवत ठेवत माथ्यावर गेले. तिथे एक बारीक, सरळ रेघ होती. मला ती रेघ गोंधळात पाडत होती, कारण पाणी असं सरळ वाहत नाही. काका म्हणाले, “बेन, ही गाडवाट आहे. माझे वडील इथून बैल घेऊन खाली उतरायचे. सडक झाल्यावर सुटली.” ती रेघ माथ्यावर हातभर खोल होती, मध्यावर माणूस बुडेल एवढी आणि पायथ्याशी तिची घळ झाली होती. चाकोरीत पाणी शिरलं, चाकोरी ओढा झाली आणि ओढ्यानं दोन्ही बाजूंचा साग उपटला. पायथ्याशी कुणीतरी पूर्वी बांधलेला दगडी बांध गाळानं भरून फुटलेला होता. दुखणं वर होतं आणि इलाज खाली केला होता.

हे 1:50,000 च्या नकाशावर दिसणं शक्यच नव्हतं. त्या नकाशावर समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतरानं असतात. माणूस बुडेल एवढी घळ दोन रेषांच्या मध्ये हरवून जाते. उपग्रहाच्या छायाचित्रात ती पळसाच्या सावलीखाली होती. आणि नुसतं लेझरचं चित्र असतं, काका नसते, तर ती रेघ मी ओढा म्हणूनच नोंदवली असती. गाडवाट म्हटल्यावर उपाय बदलला : पाणी जिथून चाकोरीत शिरतं त्या माथ्यावरच सलग समतल चर, त्याखाली टप्प्याटप्प्यानं अनगड दगडांचे छोटे बांध, आणि सर्वांत शेवटी पायथ्याचं काम. महाराष्ट्रातली पाणलोटाची माणसं ‘माथा ते पायथा’ असं जे वर्षानुवर्षं सांगत आली, ते इथे नकाशावर सेंटीमीटरच्या भाषेत लिहिलेलं होतं. जलयुक्त शिवाराच्या काळात अनेक ठिकाणी माथा तसाच सोडून नाला खोल करण्याची घाई झाली, त्यावर अभ्यासकांनी टीकाही केली. खाली यंत्र पोचतं, वर पोचत नाही, हे त्यामागचं एक साधं कारण. माथ्यावरची कामं हातानं करावी लागतात, आणि नेमकी कुठे करायची हे माहीत असेल तर कमी हातांत होतात.

सरकारी पातळीवर हा विचार झालेलाच नाही, असं नाही. जुलै 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं एक काम जलशक्ती मंत्रालयाच्या वाप्कोस या कंपनीकडे दिलं गेलं : 26 राज्यांतलं 2,61,897 हेक्टर वनक्षेत्र लेझरनं स्कॅन करायचं, खर्च 18 कोटी 38 लाख रुपये. जून 2021 मध्ये तेव्हाचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी पहिल्या दहा राज्यांचे अहवाल प्रसिद्ध केले, त्यांत मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा तिन्ही होते. मला त्यातली निवडीची अट फार महत्त्वाची वाटते. झाडोऱ्याची घनता 0.4 किंवा त्याहून कमी, म्हणजे नेमकं आमच्यासारखं विरळ जंगल निवडायचं होतं आणि उद्देश लाकूड मोजण्याचा नव्हता. जंगलातच पाणी आणि चारा वाढावा, म्हणजे जनावरं गावाकडे येणार नाहीत, यासाठी कुठे गॅबियन (जाळीत दगड भरून केलेला बांध), कुठे पाझर तलाव, कुठे घळबंदी करायची ते ठरवायचं होतं. भागाकार केला तर खर्च हेक्टरी सातशे रुपयांच्या आसपास येतो. एका हेक्टरावर रोपं लावून ती जगवायला याच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि माती वाहून गेलेल्या जागी लावलेली रोपं जगत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत आमच्या माळव्यानं खूप सोसलं आहे. देवास शहराला 1990 च्या सुमारास रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच देवास जिल्ह्यात 2006 पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत हजारो तळी खणली आणि जिल्ह्याचं नाव देशभर झालं. धारशेजारच्या झाबुआत हाथीपावा टेकडीवर भिल्ल समाज ‘हलमा’ या आपल्या जुन्या रिवाजानं एकत्र येतो, प्रत्येकजण स्वतःची गैती-फावडी घेऊन येतो आणि मजुरी न घेता चर खणून जातो. खणणारे हात या मुलखात आहेत. जंगलाच्या हद्दीत कुठे खणायचं हे सांगणारा बारीक नकाशा मात्र त्यांच्या हातात नाही. काम सुरू होण्याआधी चर आखून देणाऱ्याकडे असा नकाशा असला, तर त्याच श्रमात कितीतरी अधिक पाणी मुरेल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. एका उड्डाणातून जंगलाची स्थिती कळते. ते सुधारतंय की खचतंय हे कळायला तोच पट्टा, त्याच महिन्यात, काही वर्षांनी पुन्हा उडवावा लागतो. मग दोन जमिनी एकमेकींतून वजा करता येतात, आणि कोणत्या घळीतून किती माती गेली, कोणत्या बांधामागे किती गाळ साठला, खुंटाचे धुमारे किती वर आले हे सगळं दिसतं. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रह रडारनं देशभरातल्या जंगलातल्या बदलांवर वारंवार नजर ठेवेल, त्याचं मला मोठं कौतुक आहे. पण हातभर खोल चाकोरी त्याला दिसणार नाही. त्यासाठी खाली उतरून उडावंच लागेल. 2021 च्या ड्रोन नियमांनंतर हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवणं सोपं झालं आहे, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नकाशे आणि भूमापनावरची जुनी बंधनंही सैल झाली. आता अडचण परवान्याची कमी आणि इच्छेची जास्त आहे.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. पुढचं लेझर सर्वेक्षण घन जंगलाआधी विरळ जंगलात व्हावं. ते पानगळीनंतर व्हावं, त्याच्या ठेक्यात नमुना-क्षेत्रांच्या पायी कामाचा पैसा वेगळा राखून ठेवावा आणि ते काही वर्षांनी पुन्हा करण्याची तरतूद पहिल्याच दिवशी व्हावी. आणि तयार झालेला जमिनीचा नकाशा भोपाळच्या किंवा नागपूरच्या सर्व्हरवर पडून राहू नये. सरदारपूर तहसिलीसह धार जिल्ह्याचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम मध्य प्रदेशात नोव्हेंबर 2022 पासून लागू आहेत, ग्रामसभेला आपल्या जल-जंगल-जमिनीच्या कामात बोलायचा हक्क आहे. तो नकाशा मोठ्या कागदावर छापून प्रत्येक बीटच्या वनरक्षकाला आणि प्रत्येक ग्रामसभेला द्यावा. छापायला फार खर्च येत नाही. वनखात्यात, भूमापनात किंवा पाणलोटाच्या कामात असलेल्या वाचकांनी आपल्या जिल्ह्यात असं सर्वेक्षण झालं आहे का ते विचारावं, झालं असेल तर त्यातला जमिनीचा नकाशा मागून घ्यावा, आणि तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे पसरावा.